गभनेबाईंचा रिकामा रकाना

आमच्या कार्यालयात एका मशीनला दर वर्षी पोळ्याची सुट्टी मिळते. आम्हा माणसांना त्या दिवशी सुट्टी मिळेलच याची खात्री नसते. ते साहेबांच्या मर्जीवर आणि वरच्या धरणाच्या दारांवर अवलंबून. मशीनची सुट्टी मात्र ठरलेली. आदल्या संध्याकाळी तिच्यापुढे उभं राहायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं म्हणायचं आणि पोळ्याच्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला बटण दाबून तिला बंद करायचं. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना हेच आवतन देतात. सध्या ते मशीनला देण्याचं काम माझ्याकडे आहे. नवीन लागलेले लोक तोंडावर हात ठेवून हसतात. हसोत बापडे. पहिल्या वर्षी मीही हसलो होतो.

ही रीत सिंधू गभने यांची. आमच्या गभनेबाई.

आमचं कार्यालय भंडाऱ्यात नदीच्या पाण्यावर नजर ठेवायला बसलेलं आहे. म्हणायला नजर, खिडकीतून आम्हाला नदी दिसत नाही. दिसतं ते भांड्यांच्या दुकानाचं गोदाम आणि उन्हात मांडलेले पितळी गुंड-हंडे. नदी आम्हाला पडद्यावर दिसते. वैनगंगेवर आणि तिला मिळणाऱ्या नद्यांवर पुलांच्या कठड्याशी खांब उभे केले आहेत. प्रत्येक खांबावर पाण्याकडे तोंड करून बसवलेला एक डोळा, वर सोलरची पाटी, एक बॅटरी आणि एक लहानशी छत्री. डोळा पाणी किती चढलं ते मोजतो, छत्री ते उपग्रहाला सांगते, उपग्रह आमच्या गच्चीवरच्या डिशला सांगतो आणि डिशखालच्या खोलीतली मशीन ते पुढे धाडते : जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला, तलाठ्यांना, पोलीस पाटलांना आणि ज्याला हवं त्याच्या मोबाईलवर. दर पंधरा मिनिटांनी एक आकडा, एवढंच काम. पण पावसाळ्यात तो आकडा पोचला नाही, तर काठावरच्या माणसाला पाणी अंगणात शिरल्यावरच कळतं. म्हणून मशीन दोन. एक काम करते, दुसरी दर अर्ध्या मिनिटाला तिला "आहेस का?" असं विचारत बसते. तीनदा विचारून उत्तर आलं नाही की दुसरीनं काम उचलायचं.

कागदोपत्री त्या क्रमांक एक आणि क्रमांक दोन होत्या. बाईंनी त्यांना मोठी आणि लहानी केलं, आणि थोड्याच दिवसांत साहेबसुद्धा फायलीवर 'मोठी' लिहून मग खोडू लागले.

बाई कंत्राटी तंत्रसहायक. भंडाऱ्यातच आयटीआय केलेलं. गाव कारध्याच्या पलीकडे, घरी धानाची शेती आणि एक बैलजोडी. यजमान फटफटीवर कारध्यापर्यंत आणून सोडायचे, तिथून ऑटोनं पूल ओलांडून बाई यायच्या. ठेंगण्या, सावळ्या, चष्मा काळ्या दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला, आणि अंबाड्यात टेस्टर खोचलेला. दुसरी कुणी बाई तिथे फूल खोचते. एकदा नागपूरहून तपासणीला आलेल्या साहेबांचा पंखा बंद पडला, तेव्हा बाईंनी बोलता बोलता अंबाड्यातून टेस्टर उपसला आणि साहेब खुर्चीसकट मागे सरकले. पुढचे कित्येक दिवस आम्हाला त्यावर हसायला पुरलं.

डब्यात रोज भात आणि लाखोरीची डाळ. जेवताना गप्पा नाहीत. चहा बशीत ओतून, पण शेवटचा घोट कपातच ठेवायच्या. का ते मी कधी विचारलं नाही. आणि एक खोड अशी, की संध्याकाळी घरी निघाल्या की फाटकापर्यंत जाऊन परत यायच्या आणि मशीनच्या खोलीत डोकावून हिरवा दिवा बघायच्या. पुन्हा फाटक, पुन्हा परत. तीनदा. मी एकदा म्हणालो, "बाई, लेकीला सासरी सोडून निघाल्यासारखं काय करता?" तर म्हणाल्या, "लेक तरी फोन करन जी. हे कोनाले सांगन?"

मी तिथे आवक-जावक लिपिक. ठवकर. शहापूरहून एसटीनं येणारा. मशीनमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. पण बाईंची बिघाड शोधायची तऱ्हा इतकी वेगळी होती, की बघता बघता माझ्याही डोक्यात बसली.

आकडे यायचे थांबले की बाकीचे तंत्रज्ञ मशीन उघडायचे. बाई मशीनला हातच लावायच्या नाहीत. खुर्चीत बसून डोळे मिटायच्या आणि अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायला लागायच्या. पाणी. डोळा. पाटी. बॅटरी. छत्री. आभाळ. डिश. तार. मोठी. नऊ पेरं. "पान्यापासून चालत या जी," त्या सांगायच्या, "मशीनीपासून उलटे नोका जाऊ. आकडा जसा येते तसेच या. जिथं वाट बंद, तिथं बिघाड." हे म्हणायला सोपं आहे. पण वरून दर दहा मिनिटांनी फोन येत असताना डोळे मिटून नदीपासून चालत यायला छाती लागते.

एका खांबानं तर दोन दिवस जीव खाल्ला होता. तो दुपारी नीट बोलायचा आणि पहाटेपासून गप्प. कंपनीच्या इंजिनिअरनं छत्री बदलली, तार बदलली, बॅटरी बदलली. खांब गप्पच. बाईंनी एकच विचारलं, "किती वाजता बोलते अन् किती वाजता गप होते, तेवढं सांगा." मग पेरं मोजता मोजता तिसऱ्यावर थांबल्या. "पाटी उपाशी हाय," म्हणाल्या. एसटीनं तिथे गेल्या, सोबत मला नेलं. बघतो तर सोलरच्या पाटीवर पूर्वेकडून एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा भला मोठा फ्लेक्स बांधलेला. ऊन दुपारनंतर पश्चिमेकडून मिळेल तेवढंच. इंजिनिअरला फ्लेक्स दिसला नव्हता असं नाही. पुढाऱ्याच्या फ्लेक्सला हात कोण लावणार? बाईंनीही लावला नाही. त्या सरळ पुढाऱ्याच्या घरी गेल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, फोटो मस्त आला. पन तुमच्या सावलीत आमच्या नदीचा निरोप अडकून राहिला. हातभर खाली घेता का?" पुढाऱ्यानं स्वतः शिडी धरली. परतीच्या एसटीत मी बाईंचं कौतुक केलं, तर त्यांना कौतुकाचं काहीच नव्हतं. "त्यायच्या घरचे डोंगे बी नदीतच असतेत ना," पुढाऱ्याच्या होड्यांबद्दल एवढंच म्हणाल्या आणि झोपून गेल्या.

आता जे सांगायचं आहे ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

रोज सकाळी आठला साहेबांच्या टेबलावर पाण्याच्या पातळीचा तक्ता ठेवायचं काम माझं. तक्ता लहानीतून निघायचा, मोठीकडून आकडे घेऊन, कारण मोठीला आकडे धाडण्यातून सवड नसायची. कधी एखादा खांब पंधरा-वीस मिनिटं बोलायचा नाही, तेव्हा तक्त्यात रकाना रिकामा. तेव्हाच्या साहेबांना रिकाम्या रकान्याचा भारी राग. लाल पेननं गोल करून शेजारी लिहायचे, 'का?' त्या 'का?'ची उत्तरं लिहून माझी बोटं दुखायची. आणि आम्हा लिपिकांना एक सवय हाडीमासी भिनलेली असते. खालच्या ओळीत काही ठाऊक नसलं, की लिहायचं, 'वरीलप्रमाणे'. रजिस्टर भरल्यासारखं दिसतं, वरचा माणूस खूश होतो आणि कुणाचं काही बिघडत नाही.

मी बाईंच्या मागे लागलो. म्हटलं, आकडा नसेल तेव्हा मशीननंच मागचा आकडा भरावा. बाई म्हणाल्या, "नसन तं नसन जी. नाई त्याले हाय काहून म्हणाचं?" मी चार दिवस पिच्छा सोडला नाही. साहेबांचे गोल दाखवले, माझी बोटं दाखवली. शेवटी वैतागून म्हणाल्या, "मोठीत नाई घालनार. लहानीत घालतो, फक्त तुमच्या तक्त्यासाठी." दुसऱ्या दिवसापासून तक्ता भरलेला. साहेब खूश, मी खूश. पण लहानी ही नुसती तक्ता काढणारी नव्हती. मोठी पडली तर तिची जागा घेणारीही तीच होती, आणि जागा घेताना ती आपली नवी सवय सोबत नेणार होती. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. बाईंच्याही नाही, आणि त्यासाठी त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही.

त्या श्रावणात एका दुपारी मोठी बंद पडली. बाई लांबच्या एका पुलावर खांब दुरुस्तीला गेलेल्या. लहानीनं तिसऱ्या हाकेनंतर काम उचललं, पडदा हिरवागार. मी तर नोंदवहीत लिहिलंसुद्धा : क्रमांक दोन उत्तम. पण भिंतींना चुना मारताना लहानीची डिशकडची तार ढिली झाली होती, त्यामुळे तिच्याकडे नवा आकडा येतच नव्हता. मग तिनं काय करावं? मी शिकवलेलं केलं. मागचाच आकडा, ताजी वेळ घालून, दर पंधरा मिनिटांनी सगळ्यांना धाडत बसली. एक वाजल्यापासून चारपर्यंत नदी आमच्या हिशेबी तसूभर हलली नाही. तिकडे पाणी चढत होतं.

कारध्याच्या घाटावर गोविंदा मारबते राहतो. मासेमारीचं पिढीजात घर. त्यानं फोन बघितला, पाणी जागच्या जागी, म्हणून लावलेलं जाळं काढायला डोंगा घातला. मध्यावर लोंढा आला. डोंगा उलटला, जाळं गेलं, आणि गोविंदा बुडालेल्या बाभळीच्या शेंड्याला दोन तास धरून राहिला. घाटावरच्या लोकांनी दोर टाकून त्याला काढला तेव्हा त्याची छाती काट्यांनी सोलून निघाली होती.

दुसऱ्या दिवशी तो कार्यालयात आला. भांडायला आला असता तर बरं झालं असतं. तो नुसता फोन पुढे करून उभा राहिला. "बाई, हे पाहा बरं. मले वाचता येते का नाई तेच समजून नाई राहिलं."

बाईंनी चष्मा चढवला. बोट वर-खाली फिरलं. "एकच आकडा बारा खेपा," म्हणाल्या. "नदी का फोटो काढाले उभी होती?" आणि मग त्यांचा चेहरा उतरला, कारण त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गोविंदाकडेच बघत म्हणाल्या, "भाऊ, यंत्र नाई चुकलं. मी तुमाले खोटं धाडलं. पुन्हा नाई होनार."

चौकशी झाली. नागपूरचे मोठे साहेब बसले, समोर बाई, आणि जबाब लिहून घ्यायला मी. साहेबांनी विचारलं, मागचा आकडा भरायची ही व्यवस्था कुणी केली? बाई म्हणाल्या, "मी." कुणाच्या सांगण्यावरून? मी पेन धरून बसलो होतो. बाई म्हणाल्या, "माझ्या हातानं घातलं जी. दुसरा कोनाचा हात नव्हता." मी ते वाक्य लिहिलं. खाली त्यांची सही घेतली. भित्रा माणूस होतो मी, त्याला दुसरा शब्द नाही. बाईंचं कंत्राट त्यानंतर वर्षाचं राहिलं नाही, सहा-सहा महिन्यांचं झालं, आणि दर सहा महिन्यांनी त्यांना अर्ज करावा लागे. तो अर्ज आवकमध्ये मीच नोंदवायचो.

बाईंनी त्याबद्दल मला कधी एक शब्द ऐकवला नाही. लहानीतलं 'वरीलप्रमाणे' त्याच संध्याकाळी काढून टाकलं. रविवारी कारध्याच्या घाटावर जाऊन बसल्या, जाळी दुरुस्त करत बसलेल्या माणसांमध्ये. एकेकाचा फोन हातात घेऊन शिकवलं. "आकडा दिसला तं आकडा पाहा. रकाना रिकामा दिसला तं आधी डोंगा काढा, मंग कारन इचारा." असे किती रविवार गेल्या ते त्यांनाच ठाऊक. घाटावरच्या बायका त्यांना चिडवायच्या, "आली रिकामी बाई." बाईही हसायच्या.

साहेबांनी मात्र पुन्हा लाल गोल काढला. बाईंना बोलावून विचारलं, "हा रकाना रिकामा का?"

"रिकामा हाय म्हून खरा हाय जी."

गोल तसाच राहिला.

आणि मग पोळा. बाईंचं म्हणणं साधं होतं. तक्ता सोडला तर लहानी दोन वर्षं नुसती उभी होती. तिची तार ढिली आहे हे कळायला मोठीला मरावं लागलं. "जे बैल कधी जुपलंच नाई, ते धानाच्या ऐन रोवन्यात कसं चालन?" म्हणून वर्षातून एक दिवस, तोही भर पावसाळ्यात, मोठीला सोडायचं आणि लहानीला जुंपायचं. बैलांना सुट्टी असते तोच दिवस. मी हसून म्हणालो, "बाई, मोठी तर बाईमाणूस, तिला कसला पोळा?" बाई म्हणाल्या, "राबते ना? राबनाऱ्याले पोळा हाय." मग अंबाड्यातला टेस्टर काढून माझ्या हातात दिला. "मले बी हाय. उद्या मी येनार नाई. फोन बी बंद ठेवतो. लहानी तुमच्याकडे."

मी लिपिक आहे, मला काही येत नाही, हे सगळं सांगून झालं. बाईंनी ऐकून घेतलं, फाटकापर्यंत जाऊन तीनदा परत येऊन हिरवा दिवा पाहिला आणि गेल्या.

त्या पहिल्या पोळ्याला दहा वाजता मी बटण दाबलं आणि पडद्यावरचे सगळे रकाने रिकामे झाले. लहानीनं तीन हाका मारल्या, काम उचललं, पण दोन नवे खांब तिच्या यादीतच नव्हते. टेबलावर तीन फोन एकदम वाजत होते. मग मी डोळे मिटले आणि पेरं मोजायला लागलो. पाणी, डोळा, पाटी... नवव्या पेरावर लहानीची यादी सापडली. बाईंनी शेजारी वही ठेवलीच होती, त्यात बघून नावं घातली. सगळं मिळून अकरा मिनिटं. बाई दुसऱ्या दिवशी आल्या, नोंद पाहिली आणि म्हणाल्या, "अकरा लय होते." ती माझी शिक्षा आहे असं मी तेव्हा धरून चाललो. दर वर्षी एक दिवस, न चुकता.

मध्ये एक नवे साहेब आले आणि त्यांनी लेखी आदेश काढला, की पावसाळ्यात चालू यंत्र बंद करू नये. बाईंनी भांडण केलं नाही. त्याच कागदाखाली नम्र विनंती लिहिली : मोठी पावसाळ्यात आपणहून बंद पडणार नाही, असंही साहेबांनी लिहून द्यावं, म्हणजे लहानीला कामाला लावायची गरज राहणार नाही. फाईल तीन दिवस साहेबांच्या टेबलावर होती. चौथ्या दिवशी परत आली तेव्हा खाली एवढंच होतं : 'पाहिले.' आणि आद्याक्षरं. बाईंनी ते मला वाचायला लावलं, फाईल बंद केली आणि संध्याकाळी मोठीपुढे उभ्या राहून आवतन दिलं.

अशी वर्षं गेली. अकराचे सात झाले, सातचे चार, शेवटी दोन. मग बाईंचं वय झालं आणि कंत्राट पुढे वाढलं नाही. निरोपाला आम्ही शाल दिली. त्यांनी ती घडी करून पिशवीत टाकली आणि टेस्टर मला दिला. अंबाडा रिकामा बघून मलाच कसंतरी झालं. फाटकापर्यंत जाऊन परत आल्या. तीनदा.

त्याच पावसाळ्यातली गोष्ट. पोळ्याला आठवडा होता. वरच्या धरणाची दारं उघडलेली, आभाळ सकाळपासून काळं, आणि दुपारी दीडच्या सुमारास गच्चीवर वीज पडली. मोठी गेली. सगळे रकाने रिकामे. लहानीनं हाका मारल्या, काम उचललं, तरी रिकामेच. साहेब धावत आले. हे आणखी नवे साहेब. "ठवकर, कंट्रोल रूम विचारतेय! निदान आधीचे आकडे तरी टाका ना तात्पुरते!"

मी म्हणालो, "नाही साहेब. रिकामा आहे म्हणून खरा आहे."

मी डोळे मिटले. पाणी ठीक असणार, सगळेच डोळे एकदम फुटणार नाहीत. पाट्या, बॅटऱ्या, छत्र्या, तेही तसंच. आभाळ. डिश. तार. सातव्या-आठव्या पेरावर थांबलो आणि गच्चीकडे पळालो. डिश शाबूत, तार जळालेली. नवी तार ओढून लहानीला लावली. खाली आलो तर फोन वाजत होता. गोविंदा मारबते.

"बाबू, रिकामं दिसून राहिलं. आमी साऱ्याईनं डोंगे काढले. वर बांधले. आता सांगा, काय झालं?"

मी सांगेपर्यंत पडद्यावर आकडे आले. आठ मिनिटं लागली होती. वरच्या खांबाचा आकडा मी दोनदा वाचला. आठ मिनिटांपूर्वी जिथे पाणी होतं तिथून ते बरंच वर गेलं होतं. कारध्याचा घाट पुढच्या तासात पाण्याखाली गेला. घाटावर डोंगा नव्हता, जाळं नव्हतं, माणूस नव्हतं. मी टेबलावर डोकं टेकून रडलो. साहेबांना वाटलं मला विजेचा झटका बसला आहे.

पोळ्याला सकाळी मी मोठीच्या जागी आलेली नवी मशीन बंद केली, लहानी दोन मिनिटांत चालती झाली, आणि या वेळी ती तरुण सहकाऱ्यांच्या हाती सोपवून मी दुपारी बाईंच्या गावी गेलो. गावाच्या आखरावर, गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, त्याखाली बैलांची रांग. बैलाचा कासरा धरून बायका सहसा तिथे येत नाहीत. पण बाईंच्या यजमानांचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून जोडीतला एक बैल दिरानं धरला होता आणि एक बाईंनी. शिंगांना बेगड, पाठीवर झूल. बाईंनी मला बघितलं आणि पहिलं विचारलं, "त्या दिवशी कितीक येळ रिकामं व्हतं?"

"आठ मिनिटं."

"पोळ्याले दोन लागते. मंग आठ काहून?"

"वीज पडली बाई. डिशची तार जळाली."

"दुसरी तार आधीच काहून नाई ओढून ठेवली?"

मी म्हणालो, "ओढली आता." मग गोविंदाचं सांगितलं. त्याचं वाक्य जसंच्या तसं. बाईंनी तोंड बैलाच्या पाठीकडे केलं आणि बराच वेळ तिथली झूल सारखी करत राहिल्या. झूल आधीच सारखी होती.

तेव्हा मी बोललो. एवढी वर्षं गिळलेलं. "बाई, त्या चौकशीत मी गप्प बसलो. सांगायला हवं होतं. ते 'वरीलप्रमाणे' माझं होतं."

बाई म्हणाल्या, "तुमचा तो जबाब मी सही कराच्या आधी वाचला व्हता जी. तुमचं अक्षर एवढं नेटकं, अन् त्या एका ओळीत सारं थरथरून राहिलं व्हतं. म्हून तं लहानी तुमच्याकडे देली."

तिकडे ढोल वाजायला लागले. बाईंनी कासरा माझ्या हातात ठेवला. "धरा जरा. तोरन तुटलं का घराकडे घेऊन या. मी पुढं होतो, पूजेचं ताट कराचं हाय."

"बाई, मला बैल धरता येत नाही!"

"धरता येईन," बाई म्हणाल्या.

बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली, मी दोन्ही हातांनी कासरा घट्ट धरला. गर्दीतून वाट काढत बाई निघाल्या. ठेंगणी मूर्ती, पांढरा झालेला अंबाडा, हातात काही नाही. आखर ओलांडला, विहिरीपाशी वळल्या, घरांच्या रांगेत शिरल्या. मी वाट बघत होतो, की आता परत येतील, कासरा तपासतील, बैल पाहतील. सवयीनं तीनदा तरी.

बाईंनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.